विमान कंपनी बुडाल्यानंतरची तीन वर्षे

१० जानेवारी २०२३ रोजी आमच्या कंपनीचे शेवटचे विमान मुंबईला उतरले आणि ८ जानेवारी २०२६ रोजी ती कंपनी कायद्याने विसर्जित झाली. मधल्या तीन वर्षांत थकलेला पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवण्यासाठी मला जे जे करावे लागले, ते मी क्रमाने लिहून ठेवत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या कोणाला त्या नावापेक्षा कागदांचा आणि मुदतींचा क्रम अधिक उपयोगी पडेल.

मी १२ जून २०१७ रोजी तांत्रिक नोंदी विभागात रुजू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘उडान’ योजनेतले पहिले विमान शिमल्याहून दिल्लीला गेले होते आणि लहान शहरांना जोडणाऱ्या कंपन्यांचे दिवस आले असे सगळ्यांनाच वाटत होते. या योजनेत विमानातील साधारण निम्म्या आसनांचे तासाभराच्या प्रवासाचे भाडे २,५०० रुपयांच्या मर्यादेत ठेवायचे, त्यामुळे येणारी तूट सरकारी अनुदानातून भरून निघायची आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसरी कंपनी यायची नाही, अशी रचना होती. आमच्याकडे भाड्याने घेतलेली एटीआर जातीची दोन छोटी विमाने होती. २०१९ च्या अखेरीस त्यांची आठ झाली. पहिल्यांदाच विमानात बसलेले म्हातारे आईवडील शिडी उतरताना हात जोडायचे, ते मी धावपट्टीलगतच्या आमच्या खोलीच्या खिडकीतून पाहिले आहे. त्या कामाचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे.

माझे काम कागदांचे होते. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला आयुष्य ठरवून दिलेले असते आणि तो भाग कारखान्यातून बाहेर पडल्यापासून किती तास उडाला, कितीदा उतरला, कधी काढला, कोणी बसवला, याची अखंड नोंद ठेवावी लागते. ही साखळी एका जागी तुटली तर उत्तम स्थितीतला भागही वापरता येत नाही. एप्रिल २०१९ मध्ये मला बढती मिळाली आणि माझ्या ओळखपत्रावर ‘असिस्टंट मॅनेजर’ असे छापून आले. पगार ३,००० रुपयांनी वाढला, काम तेच राहिले आणि माझ्या हाताखाली कोणीही आले नाही. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. या दोन शब्दांमुळे साडेपाच वर्षांनी मला न्यायाधिकरणात उभे राहावे लागेल, हे तेव्हा सुचण्याचे काही कारण नव्हते.

उतार कधी सुरू झाला, याची एक तारीख सांगता येत नाही. २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात देशांतर्गत विमानसेवा बंद होती. त्या दोन महिन्यांत उत्पन्न शून्य होते, पण विमानांचे भाडे डॉलरमध्ये चालूच राहिले. त्यानंतर एकेका मार्गावरची अनुदानाची तीन वर्षे संपत गेली आणि अनुदानाशिवाय ते मार्ग तग धरेनात. २०२२ मध्ये विमान इंधन विक्रमी महागले; ते वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा कर होता. हे सारे वर्तमानपत्रात येतच होते. मला मात्र ते आधी दिसले ते नोंदींच्या वहीत. एका उभ्या विमानाचा भाग काढून दुसऱ्या विमानाला लावतात, त्याला आमच्या क्षेत्रात ‘रॉबरी’ म्हणतात. ती रीतसर नोंद करून केली जाते आणि अडचणीच्या वेळी सर्वच कंपन्या करतात. पण महिन्याला दोन-तीन असणाऱ्या या नोंदी जुलै २०२२ मध्ये सतरा झाल्या, तेव्हा नवे सुटे भाग घेण्यासाठी पैसे उरलेले नाहीत हे मला कोणी सांगण्याची गरज राहिली नाही.

आमच्याकडे एक ज्येष्ठ इंजिनिअर होते. १९९४ मध्ये सरकारी विमान कंपन्यांची मक्तेदारी राखणारा वायू महामंडळ कायदा रद्द होण्याच्या आसपास ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त अशा ज्या खासगी कंपन्या उभ्या राहिल्या आणि ते दशक संपण्याआधीच बंद पडल्या, त्या काळात त्यांनी नोकरी सुरू केली होती. ते मला म्हणाले, “पगार कधी होतो ते पाहू नकोस. पीएफचे पासबुक उघडून बघ.” मी त्याच रात्री ते उघडले. शेवटची जमा मे २०२२ ची होती. जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पगारातून माझा हिस्सा दरमहा २,५२० रुपये याप्रमाणे कापला गेला होता, पण भरला गेला नव्हता. सप्टेंबरचा पगार नोव्हेंबरअखेरीस झाला. ऑक्टोबरपासून तो झालाच नाही.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट केली, तिचा पुढे फार उपयोग झाला. कंपनीचा संगणक आणि ई-मेल चालू असतानाच मी माझी सर्व वेतनपत्रके, नेमणुकीचे पत्र, बढतीचे पत्र, रजेचा हिशेब आणि हजेरीपट उतरवून घेतले. कंपनी बंद पडल्यावर सर्व्हरचे भाडे थकते आणि ई-मेल एका दिवसात बंद होते. आमचे ३ एप्रिल २०२३ रोजी बंद झाले. ज्यांनी कागद काढून ठेवले नव्हते, त्यांना पुढे बँकेचे उतारे जोडून प्रत्येक महिन्याचा पगार सिद्ध करावा लागला.

१० जानेवारीला उड्डाणे थांबली तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की ही तात्पुरती स्थगिती आहे. फेब्रुवारीत विमानमालक कंपन्यांचे प्रतिनिधी आले. भाडेकराराबरोबरच त्यांच्याकडे नोंदणी रद्द करून विमान देशाबाहेर नेण्याचा अधिकार देणारे पत्र असते आणि त्या आधारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय नोंदणी रद्द करते. विमानाबरोबर त्याचे कागदही सुपूर्द करावे लागतात. फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने, पगाराशिवाय, मी आणि दोन सहकारी रोज जाऊन पेट्या भरत होतो, याद्या करत होतो आणि प्रत्येक पेटीची पोच घेत होतो. अनेकांनी विचारले की फुकट का राबता. मला ते कागद अर्धवट टाकून जाणे शक्य नव्हते, एवढेच मी सांगू शकते.

३१ मार्च २०२३ रोजी मी राजीनामा दिला. तो ई-मेलने पाठवला, शिवाय नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवला आणि पोस्टाची पोचपावती जपून ठेवली, कारण स्वीकारण्यासाठी मनुष्यबळ विभागात कोणी उरले नव्हते. विमानतळ प्रवेशाचा पास परत करायलाही कंपनीत माणूस नव्हता. हा पास नागरी विमान सुरक्षा विभागाच्या अधिकारात दिलेला असतो आणि तो जमा केल्याची पावती नसेल तर पुढच्या नोकरीत नवा पास मिळताना अडचण येते. तीन खेपा घालून मी तो विमानतळावरच जमा केला आणि तारखेसह पावती घेतली. नोकरी संपल्याच्या दुःखात ही पावती कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून तिचा उल्लेख आवर्जून करते.

एप्रिलमध्ये मी भविष्यनिर्वाह निधीच्या तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तिच्याबरोबर चार महिन्यांची वेतनपत्रके आणि पासबुकाचा उतारा जोडला, म्हणजे कपात झाली पण भरणा झाला नाही हे एका दृष्टिक्षेपात कळते. तक्रारीनंतर भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या कलम ७-अ खाली कंपनीच्या थकबाकीची चौकशी सुरू झाली. येथे एक चूक माझ्या हातून होता होता टळली. कंपनी बंद असेल तर नोकरी सोडल्याची तारीख सदस्याला स्वतः संकेतस्थळावर भरता येते. मात्र ती शेवटचा भरणा ज्या महिन्याचा आहे, त्याच महिन्यातली असावी लागते. मी तेव्हा ती भरली असती तर माझी नोकरी मे २०२२ मध्ये संपल्याची नोंद झाली असती आणि पुढच्या दहा महिन्यांची थकबाकी मागताना माझीच नोंद माझ्याविरुद्ध गेली असती. म्हणून थकबाकीचा निकाल लागेपर्यंत मी ती जागा रिकामी ठेवली. ऑगस्ट २०२३ मध्ये मला विमान दुरुस्तीच्या एका संस्थेत नोकरी मिळाली. तेथे मी जुनाच सदस्य क्रमांक दिला आणि जुन्या खात्याची रक्कम हस्तांतरित व्हायला वेळ लागेल, हे मान्य करून टाकले.

आमच्याकडच्या इंजिनिअरांना आणखी एक त्रास झाला. त्यांच्या पगारातून प्राप्तिकर कापला होता, पण तो सरकारकडे जमा नव्हता, त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर त्यांना कराच्या मागणीची सूचना आली. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २०५ नुसार पगारातून कापला गेलेला कर त्या माणसाकडून पुन्हा वसूल करता येत नसे. संकेतस्थळावर मागणी अमान्य असल्याचे नोंदवून वेतनपत्रके जोडल्यावर वसुली थांबली, पण ती नोंद निघून जायला कोणाला एक वर्ष, तर कोणाला दोन वर्षे लागली.

कंपनीविरुद्ध नादारीचा, म्हणजे ती देणी फेडू शकत नसल्याचा, अर्ज आम्ही केला नव्हता. विमानतळावरील सेवा पुरवणाऱ्या एका पुरवठादाराने नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ९ खाली तो केला. मार्च २०२० पासून अशा अर्जासाठी किमान थकबाकी एक कोटी रुपयांची लागते, त्यामुळे एकट्यादुकट्या कर्मचाऱ्याला हा मार्ग जवळपास बंदच आहे. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने २० सप्टेंबर २०२३ रोजी तो अर्ज दाखल करून घेतला आणि कंपनीचा कारभार व दावे पाहण्यासाठी अंतरिम व्यावसायिकाची नेमणूक केली. जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका मराठी वर्तमानपत्रात आली. दावा करण्याची मुदत होती १४ दिवस. मला ती सूचना एका सहकाऱ्याने फोनवर पाठवली नसती तर कळलीही नसती. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर अशा सर्व सूचना प्रसिद्ध होतात. कंपनीचा कारभार थांबल्यापासून दर आठवड्याला तेथे नाव शोधावे.

पुरवठादारांचा, बँकांचा आणि कामगार-कर्मचाऱ्यांचा दाव्याच्या अर्जाचा नमुना वेगवेगळा असतो. आमच्यासाठी ‘नमुना डी’ होता. मी दावा असा मांडला: ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या सहा महिन्यांचा पगार, दरमहा ४२,००० प्रमाणे २,५२,००० रुपये, शिल्लक २८ दिवसांच्या रजेचे २२,६१५ रुपये, आणि ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटीचा हिशेब तेव्हा मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर होत असे. माझे मूळ वेतन २१,००० होते. त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि आलेली रक्कम सेवेच्या वर्षांनी गुणायची. सेवा पाच वर्षे नऊ महिने झाली होती आणि सहा महिन्यांहून अधिकचा शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सहा वर्षांचे ७२,६९२ रुपये झाले. एकूण दावा ३,४७,३०७ रुपयांचा. प्रत्येक आकड्यासमोर मी जोडपत्राचा क्रमांक लिहिला. हे करायला दोन रविवार गेले, पण पुढे जेव्हा जेव्हा विचारणा झाली तेव्हा क्रमांक सांगून काम भागले.

आमच्या स्टोअरमध्ये एक मदतनीस होते, त्यांना सगळे मामा म्हणत. उड्डाणे थांबल्यावर ते गावी निघून गेले होते. त्यांना सूचना कळली तेव्हा चौदा दिवस उलटून गेले होते. सुदैवाने नादारी सुरू झाल्यापासून ९० व्या दिवसापर्यंत उशिरा आलेला दावाही घेतला जातो. मामांचा दावा मी फोनवर विचारून विचारून भरला. त्यांची सही घेण्यासाठी कागद पोस्टाने गेले आणि परत आले. ७९ व्या दिवशी तो दाखल झाला.

नोव्हेंबरमध्ये मला व्यावसायिकाकडून विचारणा आली. उड्डाणे १० जानेवारीला थांबली, मग फेब्रुवारी आणि मार्चचा पगार कशासाठी? मी पेट्यांच्या पोचपावत्यांच्या प्रती पाठवल्या. प्रत्येकीवर तारीख होती, विमानाचा नोंदणी क्रमांक होता, विमानमालकाच्या प्रतिनिधीची सही होती आणि माझी सही होती. आठ दिवसांत संपूर्ण दावा मान्य झाल्याचे कळले. दोन महिने पगाराशिवाय केलेल्या त्या कामाचा पुरावा त्या कामानेच तयार करून ठेवला होता. तो ई-मेल वाचताना मला रडू आले.

दावा मान्य होणे आणि पैसे मिळणे यांत मोठे अंतर आहे. नादारी प्रक्रियेच्या १८० दिवसांत कोणी कंपनी विकत घेण्याची योजना आणली नाही; ९० दिवस वाढवून मिळाले, तरी आली नाही. या काळात जेट एअरवेज आणि गो फर्स्ट या बंद पडलेल्या विमान कंपन्यांचे काय चालले आहे, याकडे आमचे सतत लक्ष असे. जेटची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली होती, २०२१ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूरही झाली होती आणि तरीही ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश द्यावा लागला. आमच्यातले काहीजण म्हणत की विमाने विकून पैसे येतील. विमाने कंपनीची नव्हतीच. कंपनीच्या मालकीचे होते ते सुटे भाग, अवजारे, शिड्या, सामान ओढणाऱ्या गाड्या आणि इकडे तिकडे अडकलेल्या अनामत रकमा. हे मला नोंदींमुळे ठाऊक होते, त्यामुळे मी फार मोठी आशा धरली नाही.

१९ ऑगस्ट २०२४ रोजी आमच्या कंपनीच्या अवसायनाचा आदेश झाला. पुन्हा जाहीर सूचना, पुन्हा ३० दिवसांची मुदत. या वेळी ‘नमुना ई’. मी जुनाच दावा नव्याने भरला. १४ ऑक्टोबरला अवसायकाचे, म्हणजे मालमत्ता विकून पैसे वाटण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचे, पत्र आले. रक्कम पूर्ण मान्य होती, पण माझे नाव ‘कामगार’ या यादीत नव्हते, ‘कर्मचारी’ या यादीत होते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकावर सगळे पैसे अवलंबून होते, म्हणून येथे थोडे थांबून सांगते.

संहितेच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांची अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि आपले तारण सोडून दिलेले तारणधारी धनको (तारणावर कर्ज देणारे), एकाच पायरीवर. त्याखाली इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची थकबाकी. त्याखाली विनातारण कर्ज, सरकारी येणी आणि इतर. माझी थकबाकी ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ ची होती आणि अवसायन सुरू झाले ऑगस्ट २०२४ मध्ये. मागचे १२ महिने मोजले तर ते ऑगस्ट २०२३ पर्यंतच पोहोचत होते. माझ्या पगाराचा एकही दिवस त्यांत बसत नव्हता. २४ महिने मोजले तर सगळेच्या सगळे बसत होते. म्हणजे कंपनी वाचवण्याचा प्रयत्न जितका लांबला, तितकी कर्मचाऱ्यांची थकबाकी त्या चौकटीबाहेर सरकत गेली होती, आणि यात आमचा काडीचाही दोष नव्हता. ही तरतूद मला अन्यायकारक वाटते. नादारीच्या काळात गेलेले दिवस या मोजणीतून वगळायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामगार कोण, हे संहितेने औद्योगिक विवाद कायद्यातल्या व्याख्येवर सोडले होते; तो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्या व्याख्येत हाताने करायचे, कुशल, तांत्रिक, कारकुनी अशी कामे करणारे सगळे येत. व्यवस्थापकीय काम करणारे येत नसत आणि दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षकही येत नसत. माझ्या ओळखपत्रावर ‘मॅनेजर’ हा शब्द होता. पण पदाचे नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते होते हे पाहायचे असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. मी अवसायकांना पत्र लिहिले. उत्तर आले की नोंदींनुसार यादी केली आहे. कलम ४२ नुसार निर्णय मिळाल्यापासून १४ दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. या १४ दिवसांत वकील शोधायचा, कागद जमवायचे आणि समोर दिवाळी होती.

बढतीचे असेच पोकळ नाव मिळालेले आम्ही नऊजण निघालो. वेगवेगळे वकील करण्याऐवजी एकच वकील केले आणि खर्च वाटून घेतला. प्रत्येकी ८,००० रुपये आले. वकिलांनी पहिल्याच भेटीत पदाविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले, “तुमची रजा कोण मंजूर करायचे? तुम्ही कोणाची मंजूर केलीत? खर्चाच्या कागदावर तुमची सही चालायची का?” मी कोणाचीच रजा कधी मंजूर केली नव्हती, कोणाचे मूल्यमापन केले नव्हते, एक रुपयाचा खर्चही माझ्या सहीने होत नव्हता. माझी सही होती ती फक्त नोंदींवर. आम्ही रजेचे अर्ज, कामाच्या पाळ्यांचे तक्ते आणि बढतीआधीच्या व बढतीनंतरच्या एकेका महिन्याच्या नोंदवह्यांची पाने शेजारी शेजारी ठेवून जोडली. दोन्हींत काम एकच होते. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी अपील दाखल झाले, मुदत संपायला तीन दिवस उरले असताना.

त्यानंतर पाच तारखा पडल्या. न्यायाधिकरण कफ परेडला आहे; दोन वेळा मी प्रत्यक्ष गेले, बाकीच्या वेळी दूरदृश्य पद्धतीने ऐकले. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी संकेतस्थळावर येते. ती पाहून आपला क्रमांक फार खाली असेल तर पूर्ण दिवसाची रजा घ्यावी, कारण क्रमांक कधी येईल याचा भरवसा नसतो. नव्या नोकरीतली माझी रजा अशीच संपत गेली. एकदा संध्याकाळी साडेचारपर्यंत थांबून पुढची तारीख घेऊन परतलो. त्या दिवशी लोकलमध्ये मी ठरवले होते की आता पुरे. घरी आल्यावर आईने फाईल मागितली, चष्मा लावून तिने तिची पाने क्रमाने लावली आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. मी पुढच्या तारखेला गेले.

२२ एप्रिल २०२५ रोजी आदेश झाला. आम्हा नऊपैकी सातजणांच्या बाबतीत कामाचे स्वरूप पाहून यादीत दुरुस्ती करावी, असे अवसायकांना सांगण्यात आले. उरलेल्या दोघांच्या हाताखाली खरोखरच माणसे होती आणि त्यांचे अपील फेटाळले गेले. त्या दोघांनीही आमच्याइतकाच खर्च केला होता आणि आमच्याइतकेच हेलपाटे घातले होते. आनंद व्यक्त करायची माझी जीभ वळली नाही.

भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न मात्र तुलनेने सरळ सुटला. कलम ३६ नुसार ही रक्कम अवसायनाच्या मालमत्तेत धरली जात नाही, त्यामुळे ती वरच्या क्रमाची वाट पाहत नाही. जेटच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी पूर्ण देण्याचा आदेश दिला होता आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. आमच्या वेळी त्यावर कोणी वादच घातला नाही. मार्च २०२५ मध्ये मार्च २०२३ पर्यंतचा सर्व भरणा माझ्या पासबुकात दिसला. त्यानंतर मी ३१ मार्च २०२३ ही नोकरी सोडल्याची तारीख भरली आणि तीन आठवड्यांत खाते नव्या नोकरीकडे वर्ग झाले. ग्रॅच्युइटीसाठी कंपनीने वेगळा निधी ठेवलाच नव्हता, म्हणून ती कामगारांच्या थकबाकीतच मोजली गेली. नोकरीला असतानाच ग्रॅच्युइटीचा निधी आहे का, तो कोणत्या विमा कंपनीकडे आहे, हे विचारून घ्यावे. ताळेबंदाच्या टिपांमध्येही ते दिलेले असते.

सुटे भाग आणि अवजारे ई-लिलावात विकली गेली. ज्या भागांच्या नोंदी पूर्ण होत्या त्यांना बरी किंमत आली. ज्यांची साखळी तुटलेली होती ते वजनावर गेले. पहिले वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले, रुपयामागे १७ पैसे. माझ्या खात्यात ५९,०४२ रुपये जमा झाले. नोव्हेंबरमध्ये आणखी ६ पैशांप्रमाणे २०,८३८ आले. म्हणजे ३,४७,३०७ रुपयांपैकी एकूण ७९,८८० रुपये. वकील, नोटरी, प्रती, पोस्ट आणि प्रवास धरून माझा खर्च ११,६०० झाला. कर्मचाऱ्यांच्या यादीतल्या लोकांना काहीच मिळाले नाही.

जानेवारीत विसर्जनाचा आदेश झाल्याचे मी मामांना फोन करून सांगितले. त्यांचे वाटपाचे पैसे जमा झाले आहेत, पण निधीचे पैसे अजून अडकलेले आहेत. कंपनीने त्यांच्या वडिलांचे नाव एका अक्षराने चुकीचे लिहिले होते आणि आधारशी ते जुळत नाही. एरवी अशा दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर पुष्कळदा मालकाची सही लागते. मालकच उरलेला नसेल तर निधी कार्यालयाने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकाकडून ते साक्षांकित करून देता येते. मामांच्या गावच्या बँक व्यवस्थापकांनी तशी सही केली आहे. मामा रविवारी रात्रीच्या एसटीने निघणार आहेत आणि सोमवारी सकाळी दहा वाजता मी त्यांना निधी कार्यालयाच्या दाराशी भेटणार आहे. त्यांचे जुने ओळखपत्र, वेतनपत्रके आणि २०१७ चे नेमणुकीचे पत्र यांच्या दोन-दोन प्रती मी काढून ठेवल्या आहेत.